राहिलेलं पाणी

आमच्या गुणाक्कांना भेटायला येणारे लोक हटकून एकच प्रश्न विचारतात. कृष्णेतल्या पोहण्याच्या शर्यतीत तीन वर्षं पहिला नंबर, वर राज्याचं पदक, आणि मग हे गावोगाव फिरून गाणं कसं काय? अक्का हसतात आणि दर वेळी तेच उत्तर देतात. "चौथ्या वर्षी शर्यतीत पवत हुते. घाटावर कुणाची तरी वरात आली हुती, त्यात हे क्लॅरोनेट वाजवीत हुते. ऐकत ऱ्हायले. नशीब म्हणायचं." एवढं बोलून माझ्याकडे बोट दाखवतात. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, काय विनयी माणूस आहे! विनय कसला डोंबलाचा. त्या दिवशी घाटावर कुणाचीच वरात नव्हती, आणि हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं.

मी सोपान, कवठे महांकाळचा. आमचे आजोबा बौद्ध झाले त्या दिवशी त्यांनी गावकीचं वाजवणं बंद केलं. "हुकूम आला म्हणून जायाचं न्हाई, ठरवून जायाचं," असं ते म्हणायचे. वडिलांनी मग जुनं क्लॅरोनेट घेऊन स्वतःचा बँड काढला आणि सुपारी घेऊनच वाजवलं. मीही तसाच. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम, मे महिन्यात लग्नं, आणि उरलेलं वर्ष गुणाक्कांबरोबर जैनांच्या पूजा. फलटणपासून पार बेळगावपर्यंत आमची जीप फिरते. पूजा पाच-सहा दिवस चालते. मुकुट घालून जोडपी इंद्र-इंद्राणी होऊन बसतात, पंडित मंत्र म्हणतात, आणि मधली सगळी पदं गुणाक्का गातात. पेटी त्यांची, क्लॅरोनेट माझं, ढोलकीला एक जण. जेवण दिवस मावळायच्या आत. इतकी वर्षं झाली, आता घरीही मला सहाला भूक लागते. बायको म्हणते, तुमी निम्मे जैन झालाय.

अक्कांचा दम हा या भागात बोलण्याचा विषय आहे. ओळीचा शेवट धरून त्या उभ्या राहिल्या की मंडपातली माणसं नकळत आपलाही श्वास धरतात, आणि मग खोकत बसतात. मी फुंकून फुंकून दमतो, त्या दमत नाहीत. एकदा मी विचारलं, गायच्या आधी तुम्ही एवढा वेळ गप्प का बसता? त्या म्हणाल्या, "पाण्याखाली गेलं की आदी कानातली सगळी गडबड बंद हुती. मग लांबनं कायतरी ऐकू याला लागतं. तसं हुईस्तवर मी तोंड उघडत न्हाई." हे त्या साधं सांगावं तसं सांगतात, आणि मला मात्र रात्री झोप येत नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर. कसबे डिग्रजपासून सांगलीच्या घाटापर्यंत शर्यत होती. गुणमाला, म्हणजे आमच्या अक्का, तेव्हा एकोणीस वर्षांची. कुंडलच्या त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून तिला वडिलांनीच पोहायला शिकवलेलं. वडील म्हणजे धन्यकुमारअण्णा. बोलणं मोजकं, टोपी कायम इस्त्रीची. शर्यतीच्या आठ दिवस आधी हा माणूस आमच्या दारात आला. म्हणाला, "पोरगी चौथ्यांदा पयली येणार. पुलाखाली आली की तू सुरू करायचं. घाटाला लागंस्तवर थांबायचं न्हाई." मी तेवीस वर्षांचा होतो. नदीतून येणाऱ्या माणसाला वाजवत घ्यायचं, अशी सुपारी मला जन्मात आली नव्हती. मला फार आवडली.

सकाळी घाटावर पोचलो तेव्हा नदीवर धुकं बसलेलं. पलीकडची सांगलीवाडी नव्हतीच, नुसता पांढरा रंग होता. थंडीनं क्लॅरोनेटच्या तोंडातली पत्ती आवळते, मग ऐन वेळी सूर फाटतो. म्हणून मी एका बाजूला उभा राहून ती गरम करत होतो. गाणं नव्हतं ते. खालच्या पट्टीतले लांब लांब सूर, एक संपला की दुसरा. धुक्यात आवाज कुठे जातो कळत नाही. मी आपला डोळे मिटून फुंकत होतो.

डोळे उघडले तेव्हा धुकं जरा वर उचललेलं होतं. पुलाच्या वरच्या अंगाला, पाण्यावर वाकलेल्या एका उंबरासमोर, एक डोकं दिसलं. ते हलत नव्हतं. सगळ्यांच्या कितीतरी पुढे होती ती. पण ती पोहत नव्हती, पाण्यात उभी होती, आणि तोंड माझ्याकडे होतं. मागून एक आली, पुढे गेली. दुसरी गेली. काठावरून लोक बोंबलत होते, नावं घेत होते, कुणी शिट्ट्या मारल्या. तिला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. मी घाबरून थांबलो, तेव्हा कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखी ती हलली, आणि घाटाकडे न येता सांगलीवाडीच्या काठाला जाऊन वर चढली. लोक म्हणाले, पायात गोळा आला. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानंतर ती कधी पाण्यात उतरली नाही.

संध्याकाळी अण्णा घाटाच्या पायरीवर बसले होते. मी म्हणालो, अण्णा, चूक माझी, मी आधी सुरू केलं. त्यांनी वर बघितलंही नाही. म्हणाले, "सोपान, मी तुला बोलावलं हुतं हे तिला कवा सांगू नगंस. आण हाय." मला वाटलं, लाजेनं म्हणत असतील. मी हो म्हणालो.

महिन्याभरानं ती एकटी एस्टीनं कवठे महांकाळला आली. घर शोधत, विचारत विचारत. दारातच म्हणाली, "त्या दिवशी वरातीत वाजवीत हुता, त्ये तुमीच न्हवं का? त्ये काय हुतं त्ये मला शिकायचं हाय." ही वरात तिची तिनंच मनात काढलेली. मी फक्त "व्हय" म्हणालो. त्या एका शब्दावर आमचं पुढचं सगळं उभं राहिलं. कधी कधी तिचा मोठा दम ऐकताना मला वाटायचं, आपण एका थापेवर केवढं घर बांधलंय.

अण्णांनी तिला गाण्याला अडवलं नाही. पण ती गात असेल तिथं ते कधी दिसले नाहीत. ती घरी गेली की भाकरी वाढायला सांगायचे, पावसापाण्याचं बोलायचे, आणि उठून मळ्यात जायचे. "अण्णांनी मला माफ क्येलं न्हाई, सोपानदा," असं अक्का वर्षातून एकदा तरी म्हणत. मी जीपच्या खिडकीतून बाहेर बघायचो.

आणि मी काय बघितलेलं माहीत आहे? दहा वर्षांपूर्वी फलटणच्या पूजेत, मंडपाच्या मागच्या कनातीला लागून, टोपी पुढे ओढून एक माणूस उभा होता. अक्का गात होत्या. त्यांनी ओळ धरली तसा तो डोळे मिटून हळूहळू खाली बसला. पद संपल्यावर मी धावत गेलो. अण्णा! कुंडलहून दोन एस्ट्या बदलून आलेले. म्हणाले, "हे बी सांगू नगंस." आणि जेवायला न थांबता गेले. असा माणूस! त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की पुढच्या पदात मी दोनदा चुकलो. अक्कांनी वळून बघितलं. मी पत्तीवर ढकललं.

यंदाच्या डिसेंबरात कुंडलचीच पूजा आली. गुणाक्का स्वतःच्या गावात पहिल्यांदा गाणार होत्या. पाच दिवस अण्णा रोज आले, खांबाला टेकून बसले. त्र्याऐंशी वय, हात थरथरतात, घास गिळताना त्रास होतो, घोटभर पाणी लागतं प्रत्येक घासाला. अक्का खुशीत होत्या. सूर असे लागले होते की पंडितही मंत्र म्हणायचं विसरून ऐकत होते.

शेवटच्या दिवशी हुग्गी होती. गव्हाची, गूळ घालून केलेली खीर, पूजेच्या पंगतीचा मान. अक्कांच्या भावाची बायको दीपाली वाढत होती. अण्णांपाशी आली तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. समोरच्या पंगतीतून अक्का म्हणाल्या, "अण्णा, चमचाभर तरी घ्या की. आज माजी पूजा हाय." दीपाली हसली. "आवं वन्सं, तुमीच आसं म्हटल्यावर कसं? नियम हाय न्हवं त्यांचा. तुमी ती शर्यत पुरी करीस्तवर गोड बंद."

अक्कांचा हात पानावरच राहिला.

माझ्यासारख्या बाहेरच्याला हे नियम प्रकरण कळायला वर्षं गेली. नवसात देवाकडे काही मागायचं असतं. नियमात मागणं नाही, नुसतं सोडणं. मीठ, तूप, तेल, दूध, दही, गोड, यांतलं काहीतरी लोक सोडतात. कुणी चार महिने, कुणी जन्मभर. सोडलेलं कुणाला सांगत फिरायचं नसतं, पण घरात वाढणाऱ्या बाईला ते कळतंच. दीपालीला लग्न होऊन आल्या दिवसापासून माहीत होतं. तिला वाटलं, लेकीला माहीत नसेल कसं? आणि लेक घरी आली की अण्णा उठून मळ्यात जायचे. उसाच्या गावात, चारी बाजूंनी गुऱ्हाळांचा वास येत असताना, हा माणूस सव्वीस वर्षं गुळाचा खडा न चाखता राहिला होता. सणाला पोळीही नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा.

"तुमाला ठावं हुतं, सोपानदा?" अक्कांनी मला मांडवाबाहेर गाठलं. नियमाचं मला खरंच माहीत नव्हतं. मी नाही म्हणालो. खरं बोललो, पण जमिनीकडे बघून.

दिवस मावळायला आला होता. अण्णा अंगणात बाजेवर बसलेले. अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, माज्यावर एवढा राग?"

"राग न्हाई."

"मग?"

अण्णा बाजेची सैल दोरी आवळायला लागले.

"उद्या मी राहिलेलं पवती."

अण्णांनी आभाळाकडे बघितलं. "पाणी गार हाय," म्हणाले. मग, "मगरी बी हायत."

मीही तेच म्हणत होतो. डिग्रजपासून खाली आता मगरींचं राज्य आहे, थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या असतात. पंचेचाळिसाव्या वर्षी, सव्वीस वर्षं पाण्याला न शिवता, ही बाई नदीत उतरणार! मी पुष्कळ बडबडलो. अक्का शांतपणे म्हणाल्या, "सगळी शर्यत न्हाई. ऱ्हायलेलं तेवढंच. आदीचं पाणी मी पवलेलं हाय, ते कोण काढून घेणार हाय?" आणि मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्या घशात आता घास उतरंना, सोपानदा. अजून किती वाट बघू?"

मी जीपमध्ये डिझेल भरून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा जीपमध्ये पुढे बसले, अंगावर शाल, धोतराच्या सोग्याला एक गाठ. सांगलीवाडीला अक्का उतरल्या. तिथला आकाराम होडीवाला तयार होता. वल्ह्यानं पाणी बडवत सोबत येईन, जनावर जवळ फिरकणार नाही, असं त्यानं कबूल केलेलं. अक्कांनी ओढणी कमरेला करकचून बांधली आणि माझ्याकडे न बघता होडीत बसल्या. मी अण्णांना घेऊन पूल ओलांडून घाटावर आलो.

धुकं होतं. तेच असावं इतकं तसंच. घाटावर दोन बायका कपडे धूत होत्या, त्यांचे आवाज येत होते, बायका दिसत नव्हत्या. पूल वर कुठेतरी सुरू होऊन मध्येच संपत होता. पायरीवर मी अण्णांना बसवलं. हळूहळू पलीकडे उंबराचा खुंट दिसायला लागला. झाड महापुरात गेलं, खुंट तेवढा राहिलाय. त्याच्यासमोर होडी उभी राहिली, आणि होडीच्या कडेवरून एक आकृती आवाज न करता पाण्यात गेली. डोकं वर आलं.

"वाजीव," अण्णा म्हणाले.

"अण्णा, नगं. तवा तेच झालं. परत थांबल्या तर?"

"थांबली तर थांबू दे. मी बसलोय की."

मी क्लॅरोनेट लावलं. पत्ती थंड होती, म्हणून खालच्या पट्टीतला एक लांब सूर धरला. मग दुसरा. आणि व्हायचं तेच झालं. ते डोकं पाण्यात उभं राहिलं, तोंड आमच्याकडे करून. आकारामनं वल्हं मारायचं थांबवलं होतं. धुणं थांबलं होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सूर माझ्या तोंडातून निघत होता आणि तिकडे त्या उंबराच्या खुंटापाशी जाऊन राहत होता, एवढंच मला कळत होतं. या वेळी कुणी बोंबलत नव्हतं, कुणी तिला मागे टाकून पुढे जात नव्हतं. नदी, ती, आणि हा म्हातारा. मला वाटलं, आपण तिघं तेव्हापासून इथेच आहोत, मधलं सगळं कुणीतरी सांगितलेलं स्वप्न.

"ऐकू दे तिला," अण्णा पुटपुटले. "पोटभर ऐकू दे."

मग हात वर आला. पाणी कापून खाली गेला. दुसरा आला. तिचा हात वर येईपर्यंत मी सूर धरायचा आणि खाली गेला की सोडायचा, असं आपोआप जमून गेलं. ती सावकाश येत होती, कसलीच घाई नसल्यासारखी. पुलाच्या सावलीत शिरली, बाहेर आली. अण्णा उभे राहिले होते. ते कधी उभे राहिले ते मी बघितलं नाही. अक्कांचा हात घाटाच्या खालच्या पायरीला लागला, तेव्हा ते दोन पायऱ्या उतरून पाण्यात घोट्यापर्यंत उभे होते, इस्त्रीच्या टोपीनिशी.

अक्का पायरीवर बसल्या, धापा टाकत, ओठ निळे पडलेले. "झालं, अण्णा. आता खावा."

अण्णांनी सोग्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. तशातच ते बोलले. आयुष्यात एका दमात एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"गुणा, ह्यो वरातीला आला नव्हता. मी बोलावला हुता. तू जितायच्या आदीच मी वाजंत्री सांगून बसलो. बाजारात तुरी, आन भट भटणीला मारी. मान क्येला मी, पोरी. माज्या मानापायी तुजी शर्यत ग्येली. म्हणून मी गोड सोडलं. तुज्यावर कसला राग? तुला सांगितलं असतं तर तू माज्या तोंडासाठी पवली असतीस. त्ये मला नगं हुतं."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मी क्लॅरोनेट छातीशी धरून उभा होतो, पकडलेल्या चोरासारखा.

"सव्वीस वर्सं, सोपानदा?"

"आण घातली हुती, अक्का."

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. ओले हात अण्णांच्या पायांवर ठेवले. "आवं अण्णा, शर्यत कसली घेऊन बसलाय? ह्या गाण्यानंच मी एवढी वर्सं जगले. त्ये मला नशिबानं दिलं असं मी गावभर सांगत फिरले, आन दिलं हुतं तुमी!"

अण्णांना हे कळायला वेळ लागला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून सांगू शकतो. सव्वीस वर्षं जो गुन्हा म्हणून उराशी धरला, तो आपण लेकीला दिलेला आहेर होता, हे त्या म्हाताऱ्या डोळ्यांत हळूहळू उतरलं. माझ्याच्यानं बघवेना.

गाठ शेवटी अक्कांनी सोडली. आत कागदात गुळाचा खडा होता, लिंबाएवढा. अण्णांनी त्यातला कण मोडून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. गिळायचा प्रश्नच आला नाही, तो आपोआप विरघळला. मग त्यांनी खड्याचे दोन तुकडे केले. एक अक्कांच्या तोंडात घातला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"तू बी खा, सोपान. तुज्याबी तोंडाला मीच कुलूप घातलं हुतं."

मी खाल्ला. खाताना रडलो, लपवत नाही. अक्का कुडकुडत म्हणाल्या, आता नीट वाजवा की, मी घाटाला लागले. पण तोंड गुळानं चिकट झालेलं, त्यात क्लॅरोनेट वाजत नाही. मी खाली वाकून नदीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि चूळ भरली.